दुसऱ्या अंकातला डॉक्टर

तो आवाज आजही माझ्या कानात आहे. भारदस्त, सावकाश, घरातल्या वडीलधाऱ्याने जवळ बसवून सांगावं तसा. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, रेतीच्या ट्रकमागे वैनगंगेच्या काठाने जीव खाऊन धावलो. पण सेवानिवृत्त झाल्यावर कोणी 'साहेब, एखादी केस सांगा ना' म्हटलं, की मला ती मोबाइलवरची क्लिपच आठवते. त्यात चाकू नव्हता, बंदूक नव्हती. तरी त्या आवाजाने एका बाईला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं. नावं कोणाचीच लिहीत नाही. माणसं इथलीच आहेत, सुखात आहेत, त्यांना उगाच कशाला त्रास.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यात, तुमसर-मोहाडी पट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. धानाच्या रोवणीचे दिवस. रोवणीत ठाण्याला जरा उसंत असते, कारण भांडायला कोणाला सवडच नसते. अख्खं गाव बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात वाकलेलं. सकाळची हजेरी घेतली, ड्युट्या वाटल्या, स्टेशन डायरीवर सही केली आणि चहाचा कप उचलतो तोच आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम आत आल्या. वयाने तरुण, अंगाने बारीक, बोलायला मात्र तिखट. बसायच्या आधीच त्यांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, मला हा डॉक्टर शोधून द्या."

मी म्हटलं, मॅडम, डॉक्टर असतात तुमच्याकडे आणि शोधायला येता आमच्याकडे? त्या हसल्या नाहीत. मग मीही चेहरा नीट केला.

त्यांनी क्लिप लावली. पडद्यावर पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या एका गोऱ्यागोमट्या माणसाचा फोटो. खाली मोठ्या अक्षरात 'सर्पदंश तज्ज्ञ डॉक्टरांचा मोलाचा सल्ला'. आणि मागे तो आवाज. साप चावला म्हणून घाबरून दवाखान्यात पळू नका, आधी कडुनिंबाचा पाला चावून बघा. कडू लागला म्हणजे विष चढलेलं नाही, घरी आराम करा. गोड लागला तरच दवाखाना. शेवटी, पुढे पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल.

मॅडमनी मला शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावलं. पाल्याच्या चवीचा आणि विषाचा काडीचा संबंध नाही. मण्यार चावली तर धड दुखतही नाही, सूज येत नाही, दाताची खूण शोधावी लागते. माणूस म्हणतो, मला काहीच झालं नाही. आणि मग डोळ्यांच्या पापण्या जड होतात, जीभ लडखडते, श्वास थांबतो. आदल्या दिवशी नेमकं हेच घडलं होतं. जवळच्या गावातली एक बाई जमिनीवर अंथरूण टाकून झोपली होती, पहाटे हाताला काहीतरी टोचलं म्हणून उठली. कोपऱ्यात मण्यार दिसली. नवऱ्याने मोबाइल काढला, क्लिप ऐकली, दारचा पाला तोडून तिला चावायला दिला. कडू लागला. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आरोग्य केंद्र गावापासून हाकेच्या अंतरावर. तरी तिला आणलं ते तोंडातून शब्द फुटेनासा झाल्यावर. मॅडमनी सर्पविषावरचं इंजेक्शन सुरू केलं आणि रुग्णवाहिकेत स्वतः हाताने बॅग दाबत, श्वास देत, तिला भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचवलं. आता ती मशीनवर होती.

"ती वाचते की नाही मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण रोवणी संपलेली नाही आणि ही क्लिप घराघरात आहे. मी गावात सांगायला गेले, तर मलाच विचारतात, तुम्ही मोठ्या की तो तज्ज्ञ मोठा?"

मला त्या क्षणी त्या न पाहिलेल्या तज्ज्ञाचा असा राग आला की विचारू नका. मी लेखी तक्रार घेतली, गुन्हा नोंदवला आणि क्लिप जिल्ह्याच्या सायबर कक्षाकडे पाठवली. तिकडचं उत्तर यायला वेळ लागतो हे मला ठाऊक होतं. तोवर आपली जुनी पद्धत: मागे मागे चालत जायचं.

सुरुवात नवऱ्यापासून. जमादाराला घेऊन मी भंडाऱ्याला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो भिंतीला टेकून बसला होता, पायावर चिखल तसाच वाळलेला. पोलीस पाहून उठला नाही. मी त्याच्या शेजारी खालीच बसलो. जबाब घेताना कधी कधी टेबल-खुर्ची आड येते.

"मीच पाला तोडून आणलो साहेब," तो म्हणाला. "माह्या हातानं चारलो तिले. ते म्हणत होती दवाखान्यात चाल, मीच म्हटलो, इतका मोठा डाक्टर सांगून राहिला, तुले कायचं भेव?"

त्याला क्लिप पाठवली होती चुलत भावाने. भावाला भजनी मंडळाच्या ग्रुपवरून. त्या ग्रुपवर टाकणाऱ्याला मिळाली होती आंधळगावच्या बाजारात भेटलेल्या मित्राकडून, त्याला बपेऱ्याच्या साळ्याकडून, म्हणजे मेव्हण्याकडून, आणि बपेऱ्याहून नदी ओलांडली की मध्य प्रदेश. तिथून धागा पार बालाघाटकडे गेला आणि तुटला. प्रत्येकाचं म्हणणं एकच: मले आली, मी पाठवलो. चोराला विचारलं की तो खोटं बोलतो, ते पकडता येतं. ही सगळी माणसं खरं बोलत होती. कोणाचा तरी जीव वाचेल म्हणूनच पाठवली होती बिचाऱ्यांनी. अशा तपासात डोकं फिरायची वेळ येते.

त्या दिवसांत मी ती क्लिप इतक्यांदा ऐकली की घरी सौभाग्यवती म्हणाल्या, आता तुम्हीच दवाखाना उघडा. हाती काही लागेना. मग एका दुपारी ठाण्यातली लाइट गेली. माझ्या डोक्यावरचा पंखा जुना, खडखड करणारा. तो थांबला तशी खोलीत एकदम शांतता पसरली. क्लिप सुरूच होती. आणि मला डॉक्टरांच्या आवाजाच्या मागे दुसरा एक आवाज ऐकू आला. अगदी पुसट, घाईघाईचा. डॉक्टर 'घाबरू नका' म्हणायच्या आधी तो पुटपुटला, 'घाबरू नका'. डॉक्टर 'पाला चावून बघा' म्हणायच्या आधी तो पुटपुटला, 'पाला चावून बघा'.

मी खुर्चीतून उठलोच. माझं गाव शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातलं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक. लहानपणी आम्ही पोरं स्टेजच्या अगदी बाजूला, विंगेला नाक लावून बसायचो, आणि नटाच्या आधी प्रॉम्प्टरकडून संवाद ऐकायचो. आमच्याकडचे नट आज या गावात एक नाटक करतात, उद्या त्या गावात दुसरं. पाठांतराला वेळ कोणाला? सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. हा डॉक्टर कुठल्या दवाखान्यात बसलेलाच नव्हता. तो स्टेजवर उभा होता!

जमादाराला हाक मारली. हा गडी त्याच्या गावच्या मंडईच्या मंडळात, दरवर्षी नाटक ठरवायला तोच जातो. मी मोबाइल उलटा ठेवला, म्हटलं, डोळे मीट आणि ऐक. दोन वाक्यं झाली नाहीत तोच त्याने डोळे उघडले.

"साहेब, हा तर आमच्या मंडईत आला होता! खोटा डाक्टर झाला होता. हासून हासून पोट दुखलं होतं आमचं."

मग लगेच त्याची मान खाली गेली. ही क्लिप त्यानेही ऐकली होती, आणि सासुरवाडीच्या ग्रुपवर पाठवलीही होती. तेव्हा ओळखू कसा आला नाही रे? तर म्हणे, "फोटोतला माणूस दुसराच होता ना जी." इतकी वर्षं साक्षीदार तपासूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं की माणूस डोळ्यांनीही ऐकतो. पांढरा कोट दिसला, की कान आपलं काम सोडून देतो.

नाटकाचा मोसम नसला की आमचे नट आपापल्या शेतात असतात. हा नटही त्याच्या बांधीतच रोवणी करताना सापडला. त्याला ठाण्यात आणला. स्टेजवर सिंहासारखा गरजणारा माणूस माझ्यासमोर पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसला. क्लिप ऐकवली तसा म्हणाला, हा तर दुसरा अंक. नाटकात तो एका कंपाउंडरचं काम करतो. हा कंपाउंडर कोट चढवून डॉक्टर म्हणून गाव फसवतो. दुसऱ्या अंकात पाल्याचा सल्ला, आणि त्यावर लोकांचा हशा. तिसऱ्या अंकात त्याच सल्ल्यामुळे पाटलाची सून मरते, त्याचं बिंग फुटतं आणि नायिका त्याला भर स्टेजवर चपलेने बडवते. तिथे सगळ्यात जास्त टाळ्या पडतात.

म्हणजे नाटक अगदी खरं सांगत होतं. फक्त कोणीतरी खरं तेवढं कापून टाकलं होतं आणि खोटं तेवढं गावभर वाटलं होतं.

मी त्याला दवाखान्यातल्या बाईबद्दल सांगितलं. तो रडला, आणि ते रडणं स्टेजवरचं नव्हतं. म्हणाला, "साहेब, खोटा डाक्टर म्हणून मी चार जिल्ह्यांत फेमस आहो. लोकं मले खरा कसे समजले?" त्याच्याकडून कळलं की गेल्या मोसमात त्यांच्या नाटकाचं शूटिंग एकाच माणसाने केलं होतं. बाजाराच्या एका गावात त्याचा फोटो स्टुडिओ होता, तिथेच मोबाइल दुरुस्ती, आणि फावल्या वेळात तो आरोग्याच्या टिप्सचा चॅनेलही चालवायचा. सायबर कक्षाचं उत्तरही त्याच सुमारास आलं. बोट त्याच चॅनेलकडे होतं.

त्याला नोटीस देऊन बोलावला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं गोड. मी त्याला चहा दिला. आरडाओरडा करून माणूस घाबरतो, पण घाबरलेला माणूस कामाचं बोलत नाही. तो म्हणाला, क्लिप हैद्राबादच्या मोठ्या डॉक्टरांची आहे, त्याला कोणीतरी पाठवली, त्याने जनतेच्या भल्यासाठी टाकली. मी म्हटलं, बरं. मग शेजारच्या खोलीतल्या नटाला बोलावलं आणि सांगितलं, होऊ द्या तुमचा संवाद.

नट उभा राहिला. गळा साफ केला. आणि त्याच भारदस्त आवाजात, प्रॉम्प्टरशिवाय, सगळा सल्ला म्हणून दाखवला. बाहेरचे शिपाई दारात येऊन उभे राहिले. स्टुडिओवाल्याचा चहा हातातच राहिला.

मग तो बोलू लागला. हो, शूटिंग त्याचंच. व्हिडिओ काढून आवाज तेवढा ठेवला, मधला हशा कापला, फोटो नेटवरून घेतला, 'तज्ज्ञ' हा शब्द त्यानेच लिहिला, कारण नुसतं 'डॉक्टर' लिहिलं की कोणी बघत नाही. पण खोटं पसरवायचं नव्हतं म्हणे.

"नाटकातला डाक्टर असला म्हणून काय झालं साहेब, लिहिणाऱ्यानं कोणाले तरी विचारूनच लिहिलं असन ना? मले वाटलं, चांगलीच माहिती आहे."

मी विचारलं, तिसरा अंक पाहिलास का? त्याने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाची ऑर्डर होती, म्हणून दुसरा अंक संपताच कॅमेरा पोऱ्याकडे देऊन तो घरी गेला होता. हसण्याचा भाग तेवढा त्याने पाहिला. पुढे काय झालं हे त्याला कधी कळलंच नाही, आणि कळावं असं त्याला वाटलंही नाही. मी नटाला म्हटलं, तुम्हीच सांगा याला तिसरा अंक.

नटाने साध्या आवाजात सांगितलं. पाटलाची सून, तिची लडखडलेली जीभ, मिटत चाललेले डोळे. नंतर मी भंडाऱ्याची गोष्ट सांगितली. सगळं तसंच्या तसं. स्टुडिओवाल्याने कप खाली ठेवला. मग एकदम म्हणाला, "साहेब, माही माय आता बांधीत आहे. तिलेबी पाठवलो मी ते. एक फोन करू द्या."

त्याचा मोबाइल पंचनामा करून जप्त केलेला होता. मी टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला. मायने फोन उचलला नाही. चिखलात उभी असेल. त्याने शेजाऱ्याला लावला, त्याला शेताच्या धुऱ्यावर पिटाळलं, आणि माय फोनवर येईपर्यंत तो माणूस रिसीव्हर कानाला लावून उभा होता, कपाळावर घाम. माय आली तसा ओरडलाच, की पाल्याचं खोटं आहे, साप चावला तर सरळ दवाखान्यात जा, माझी वाटही पाहू नकोस. ती पलीकडून काय म्हणाली कोण जाणे. हा खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यानंतर कबुलीजबाबाला वेळ लागला नाही. पुढे दोषारोपपत्र गेलं, न्यायालयात जे व्हायचं ते झालं.

आता पोलिसाचं काम संपलं होतं. पण क्लिप मोबाइलमध्ये होतीच. चॅनेलवरून ती काढता आली, घराघरातून कशी काढणार? मॅडमनी स्वतःचा व्हिडिओ केला. कागदावरून वाचलेला, बरोबर, पूर्ण आणि असा कोरडा की माझ्या शिपायांनीही तो शेवटपर्यंत पाहिला नाही. तेव्हा नट आपण होऊन आरोग्य केंद्रात गेला आणि म्हणाला, मॅडम, मले पेशंट करा.

व्हरांड्यात शूटिंग झालं. कॅमेरा स्टुडिओवाल्याचाच, तो न बोलावता आला होता. नट बांधीतून आलेला अडाणी माणूस झाला आणि मॅडमला विचारत गेला, साप चावला, आता काय करू? मॅडमनी आधी लिहून आणलं होतं की पाला चावून विष कळतं असं मानू नका. बोलता बोलता त्या थांबल्या, कागद पाहिला आणि फाडून टाकला. "यातला अर्धा तुकडा कोणी कापला तर पुन्हा तेच होईल," त्या म्हणाल्या. मग ठरलं, चुकीची गोष्ट तोंडातून काढायचीच नाही. काय करायचं तेवढंच सांगायचं: पेशंटला शांत, निजवून ठेवा, हात-पाय हलू देऊ नका, लगेच दवाखान्यात आणा, इंजेक्शन इथे आहे. आणि सुरुवातीला, मध्ये, शेवटी मॅडमनी आपलं नाव, आरोग्य केंद्राचं गाव आणि बोलल्याचा दिवस सांगितला. खोट्या क्लिपमध्ये एवढंच नव्हतं: कोण बोलतो, कुठे बसतो, शंका आली तर जाऊन भेटायचं कोणाला.

मग ज्यांनी ज्यांनी खोटी क्लिप पाठवली होती त्या प्रत्येकाकडून मी खरी क्लिप त्याच ग्रुपांवर पाठवून घेतली. सुरुवात जमादारापासून केली. नवरा, चुलत भाऊ, भजनी मंडळ, बपेऱ्याचा साळा, सगळे. त्याच पावसाळ्यात कारध्याकडचं मासेमारी करणारं एक कुटुंब म्हाताऱ्या बापाला साप चावताच क्षणभर न थांबता दवाखान्यात घेऊन गेलं. म्हातारा दुसऱ्या दिवशी उठून बिडी मागत होता म्हणे. ते ऐकून मॅडमनी मला फोन केला आणि नुसत्या हसल्या.

आणि ती बाई वाचली. मशीनवरून उतरली, बोलू लागली, घरी आली. नवऱ्याला पहिलं वाक्य काय म्हणाली हे त्याने मला सांगितलं, पण ते छापण्यासारखं नाही.

दिवाळीनंतर तिच्याच गावात मंडई भरली आणि तेच नाटक आलं. नाटकवाल्यांना मी सुचवलं होतं की पाल्याचा प्रवेश गाळा. कंपनीचा मालक म्हणाला, साहेब, तो गाळला तर तिसऱ्या अंकाला चप्पल कायची? त्याचंही बरोबरच होतं. बंदोबस्ताला मी स्वतः गेलो. मंडप भरलेला, बाया पुढे सतरंजीवर. दुसरा अंक आला. नट कोट घालून आला, स्टेथोस्कोप फिरवला आणि साप चावलेल्या पेशंट बाईला म्हणाला, पाला चावून बघ.

सतरंजीवरून ती बाई उठून उभी राहिली.

"पाला काय चावता, दवाखान्यात न्या तिले!"

नट तिच्याकडे बघतच राहिला; गाव तिचंच, ही तीच हे ओळखलं त्याने. विंगेतून प्रॉम्प्टर पुढचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, याच्या तोंडून शब्द निघेना. मग त्याने स्टेजवरूनच तिला हात जोडले. बायांमध्ये आधी एक हसली, मग सगळा मंडप, आणि ज्या टाळ्या पडल्या त्या मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. नवरा माझ्या शेजारी उभा होता. डोळे पुसत होता आणि आजूबाजूच्यांना सांगत होता, माही बायको आहे जी ते.

या केसने मला काय शिकवलं? ऐकलेल्या गोष्टीला विचारायचं, तू कोणाच्या तोंडची, आणि तुझा पुढचा अंक कुठे आहे. मी आता नातवंडांनाही हेच विचारायला लावतो. ती कंटाळतात, चालायचंच.

त्या बाईचं वाक्य कंपनीने दुसऱ्याच दिवशी नाटकात घातलं. डॉक्टरने पाला म्हटलं रे म्हटलं, की पाटलाची म्हातारी सासू ओरडते. तो प्रवेश आता कुठूनही कापा, उत्तर त्याच्यासोबतच येतं. मागच्या मंडईत नट भेटला, केस पांढरे झालेत त्याचे. मी विचारलं, चालतं का ते वाक्य अजून? म्हणाला, साहेब, त्या एका वाक्याला प्रॉम्प्टर लागत नाही. सासूनं तोंड उघडायच्या आत पुढं बसलेल्या बायाच म्हणून टाकतात.